चिखल, मुरूम आणि टायरची नक्षी

माउंटन बाइकच्या टायरवर रबराचे उंचवटे असतात. पकड बरीचशी त्यांच्या उंचीवर आणि मधल्या अंतरावर ठरते. पावसाळ्यात सह्याद्रीतल्या लाल मातीच्या वाटेवर दाट नक्षीचा टायर नेला, तर फटी चिखलाने बुजतात आणि थोड्याच अंतरात टायर लाटण्यासारखा गुळगुळीत होतो. तिथे उंच, विरळ उंचवटे हवेत. चाक फिरताना चिखल झटकला जातो. असे टायर बहुधा अरुंदही असतात, म्हणजे वरचा राडा कापून खालच्या घट्ट जमिनीला भिडतात.

उन्हाळ्यात तीच वाट टणक होते. मग बुटके, दाट उंचवटे सुसाट पळतात. मात्र टणक जमिनीवर सुटा मुरूम पसरला असेल, तर वळणावर खरी मदार कडेच्या उंचवट्यांवर असते. ओल्या कातळावर नक्षीपेक्षा मऊ रबर महत्त्वाचे; ते झिजतेही लवकर.

दोन्ही चाकांना एकच टायर हवा, असे मुळीच नाही. मागचे चाक घसरले तर बहुतेकदा सावरता येते, पुढचे घसरले की स्वार आडवा. म्हणून जास्त पकडीचा टायर पुढे आणि हलका पळणारा मागे.

हवेकडे मात्र सर्रास दुर्लक्ष होते. ट्यूबलेस टायरमध्ये साधारण 20 ते 30 पीएसआय पुरते. ट्यूब असेल तर थोडी जास्त भरावी, नाहीतर दगडावर आपटून रिमखाली ट्यूब चिमटते आणि शेजारीशेजारी दोन भोके पडतात, साप चावल्यासारखी. टायरच्या कडेवर छापलेला कमाल आकडा ही मर्यादा असते, शिफारस नव्हे.