दुधाचे दात, रात्रीची बाटली आणि घरातले आपण सगळे

माझी भाची साडेतीन वर्षांची आहे. गेल्या दिवाळीत तिच्या वरच्या पुढच्या दातांवर तपकिरी खड्डे दिसले आणि घरात लगेच निकाल लागला: "आईचं लक्ष नाही." ताई काहीच बोलली नाही. मी दंतवैद्य नाही, जीवशास्त्राचा संशोधक विद्यार्थी आहे. पण तिचा चेहरा बघून या विषयावरचे शोधनिबंध वाचायला घेतले. त्यातून जे कळलं ते तुम्हाला सांगतो.

आपण 'दाताला कीड लागली' म्हणतो, पण आत किडा वगैरे काही नसतो. असतात ते जिवाणू. त्यातला स्ट्रेप्टोकॉकस म्यूटन्स हा 1924 पासून माहीत आहे. हे जिवाणू साखर पचवून आम्ल तयार करतात. दातावरच्या थराचा सामू साधारण 5.5 च्या खाली गेला की एनॅमलमधलं कॅल्शियम आणि फॉस्फेट विरघळू लागतं. रॉबर्ट स्टीफन यांनी 1940 च्या दशकात हे मोजून दाखवलं. गोड तोंडात गेल्यावर काही मिनिटांतच सामू घसरतो आणि पूर्ववत व्हायला अर्धा ते एक तास लागतो. नंतर लाळ ती झीज हळूहळू भरून काढते.

म्हणजे किती गोड खाल्लं याबरोबरच किती वेळा खाल्लं हेही तितकंच महत्त्वाचं. स्वीडनमधल्या विपेहोल्म इथल्या प्रयोगात हेच दिसलं. जेवणासोबत साखर घेणाऱ्यांपेक्षा मधल्या वेळेत चिकट टॉफी खाणाऱ्यांचे दात कितीतरी जास्त किडले. हा प्रयोग बौद्धिक अपंगत्व असलेल्या रहिवाशांवर केला होता. आज असा प्रयोग करायला कोणी परवानगी देणार नाही, आणि ते योग्यच आहे.

आता आमच्या घरचा हिशोब बघा. सकाळी चहात बुडवलेलं बिस्किट. दहा वाजता आजीचा लाडू. दुपारी शेजारच्या काकूंकडची गोळी. शनिवारी मामाचं, म्हणजे माझंच, चॉकलेट. आणि रात्री साखर घातलेल्या दुधाची बाटली. प्रत्येकाला वाटतं, आपण एकदाच देतोय! पण लाळेला भरपाई करायला वेळच मिळत नाही. गूळ किंवा मध घातला म्हणूनही दात वाचत नाहीत.

यात सगळ्यात वाईट ती रात्रीची बाटली. झोपेत लाळ फार कमी सुटते आणि दूध वरच्या दातांभोवती साचून राहतं. खालच्या पुढच्या दातांना जीभ आणि लाळ थोडं संरक्षण देतात, म्हणून कीड आधी वर दिसते. त्यात दुधाच्या दातांचं एनॅमल पातळ असतं.

पण बाटली का दिली जाते? ताई पाचला उठते, भावोजींची रात्रपाळी असते. तिच्यासाठी बाटली म्हणजे चार तासांची झोप. "बाटली बंद कर" असं सांगताना त्या झोपेची सोय कोण करणार, हेही बोलायला हवं. आमच्याकडे आता दोन रात्री आजी नातीजवळ झोपते. बाटलीतली साखर आधी कमी केली, मग दुधाच्या जागी साधं पाणी आलं. पहिला आठवडा रडारडीत गेला, हे खरं.

बाकी गोष्टी सोप्या आहेत. पहिला दात दिसला की ब्रश सुरू करा. पेस्ट निदान 1000 पीपीएम फ्लोराइडची असावी. तीन वर्षांपर्यंत तांदळाच्या दाण्याएवढी, मग वाटाण्याएवढी पुरते. चंद्रपूर, यवतमाळसारख्या जिल्ह्यांत काही गावांच्या पाण्यातच फ्लोराइड जास्त आहे. तिथे दंतवैद्याला विचारून ठरवा. सात-आठ वर्षांपर्यंत ब्रश मोठ्यांनीच करून द्यावा, विशेषतः रात्री. त्यानंतर पाण्याशिवाय काही नको. गोड द्यायचंच तर जेवणाबरोबर द्या.

आणि वरचा ओठ उचलून महिन्यातून एकदा बघा. हिरडीलगत खडूसारखे पांढरे डाग दिसले तर ती सुरुवात असते. या टप्प्यावर फ्लोराइड लावून आणि सवयी बदलून झीज थांबवता येते. खड्डा पडल्यावर मात्र तो आपोआप भरत नाही.

"दुधाचेच दात, पडणारच आहेत" हे आमच्याकडेही ऐकलं. पण दुधाच्या दाढा दहा-बारा वर्षांपर्यंत टिकाव्या लागतात आणि कायमच्या दातांची जागा त्याच राखून ठेवतात. शिवाय ठणका लागला की लेकरू जेवत नाही, झोपत नाही.

भाचीच्या दोन दातांवर उपचार झाले. ताईला मी एवढंच म्हणालो, "चॉकलेटं मीच आणत होतो गं." आज रात्री तुमच्या घरीही मोजून बघा, दिवसभरात लेकराच्या तोंडात किती वेळा गोड गेलं आणि ते कोणाकोणाच्या हातून गेलं.