श्लेष्मल रोगप्रतिकारक्षमता

श्लेष्मल रोगप्रतिकारक्षमता ही आतडे, श्वसनमार्ग, तोंड, डोळे इत्यादी अवयवांच्या ओलसर आवरणाचे, म्हणजेच श्लेष्मकलेचे, रोगजंतूंपासून रक्षण करणारी व्यवस्था आहे. विशिष्ट जंतू ओळखून त्याची स्मृती जपणाऱ्या अनुकूली प्रतिकारयंत्रणेचा ती भाग असली, तरी तिचा कारभार बराचसा स्वतंत्र चालतो. त्यामुळे रक्तात पुरेशी प्रतिपिंडे असूनही आतड्यात संसर्ग होऊ शकतो. पोलिओच्या दोन लसींमधील फरक हे याचे ठळक उदाहरण होय.

लहान आतड्याच्या भित्तिकेत लसीका पेशींचे पुंजके असतात. त्यांवरील ‘एम’ पेशी आतड्यातील जंतूंचे अंश आत घेतात व प्रतिकार पेशींच्या स्वाधीन करतात. तेथे उद्दीपित झालेल्या बी पेशी लसीकावाहिन्यांतून रक्तात उतरतात आणि पुन्हा आतड्याकडेच परततात; परतीच्या या वाटेची खूण त्यांच्या पृष्ठभागावरील प्रथिनांत असते. परतल्यावर त्या ‘आयजीए’ हे प्रतिपिंड तयार करतात. ते आवरणाच्या पेशींमधून पलीकडे सोडले जाते आणि जंतूला पेशीस चिकटण्यापूर्वीच अडवते. शरीरात दररोज सर्वाधिक तयार होणारे प्रतिपिंड हेच आहे. मातेच्या दुधातूनही ते बाळाला मिळते.

पोलिओचा विषाणू तोंडावाटे शिरून आतड्यात वाढतो. सुमारे २०० संसर्गांपैकी एकातच तो मज्जासंस्थेपर्यंत पोहोचून पक्षाघात घडवतो. बाकीचे बहुतेक बाधित लक्षणांवाचून विष्ठेतून विषाणू पसरवत राहतात. मृत विषाणूची टोचावयाची लस रक्तात ‘आयजीजी’ प्रतिपिंडे निर्माण करते. ती विषाणूची मज्जासंस्थेकडील वाट रोखतात, त्यामुळे मूल पांगळे होत नाही. मात्र आतड्यातील विषाणूची वाढ या लसीने फारशी थांबत नाही. तोंडावाटे दिल्या जाणाऱ्या थेंबांतील दुर्बल केलेला जिवंत विषाणू स्वतः आतड्यात वाढतो, म्हणून तेथेही प्रतिकार निर्माण होतो.

हा फरक इस्रायलमध्ये स्पष्ट दिसला. तेथे २००५ पासून नियमित लसीकरणात केवळ टोचावयाची लस दिली जात होती. २०१३ मध्ये सांडपाण्यात नैसर्गिक पोलिओ विषाणू आढळला. तो लोकांत फिरत होता, तरी एकालाही पक्षाघात झाला नाही. संक्रमण तोडण्यासाठी अखेर मुलांना पुन्हा थेंब पाजावे लागले.

थेंबांची बाजूही निर्दोष नाही. त्यांतील विषाणू क्वचित पुन्हा रोगकारक बनतो. शिवाय आतड्यातील प्रतिकार काळानुसार क्षीण होतो. उत्तर प्रदेशात झालेल्या व २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, पूर्वी थेंब घेतलेल्या मुलांना मृत विषाणूची लस टोचली असता त्यांच्या विष्ठेतून विषाणू बाहेर पडण्याचे प्रमाण घटले. टोचलेली लस आतड्यात नव्याने स्मृती रुजवू शकत नसली, तरी थेंबांनी रुजवलेली स्मृती जागवू शकते, असा त्याचा अर्थ लावला जातो. भारतात २०१५ पासून थेंबांच्या जोडीला ही लसही दिली जाऊ लागली.

भारतातील नैसर्गिक पोलिओचा शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये पश्चिम बंगालमधील हावडा जिल्ह्यात आढळला. लक्षणांवाचून होणारा प्रसार रुग्णांच्या नोंदीतून कळत नाही. म्हणून सांडपाण्याची तपासणी केली जाते. मुंबईत ती २००१ मध्ये सुरू झाली.