सही करण्याआधी

नरखेडसारख्या तालुक्याच्या गावी बँकेतून निवृत्त झालेल्या माणसाला फावला वेळ फारसा मिळत नाही. कुणाची पीककर्जाची नोटीस, कुणाचा विम्याचा अर्ज, कुणाच्या पासबुकातली न उलगडणारी नोंद. लोक कागद घेऊन ओसरीवर येतात आणि आपण चष्मा शोधू लागतो. मी कादंबऱ्याही लिहिल्या आहेत, हे इथे सहसा कुणाच्या ध्यानात नसते. ते एका परीने बरेच आहे.

मागच्या जून महिन्यात असाच एक शेजारी आला. चार एकर संत्र्याचा बगीचा, मुलगी नुकतीच दहावीत गेलेली. "काकाजी, पोरीच्या क्लासचा कागद हाय. सही करू का?" कागद होता मोबाइलवर शिकवणाऱ्या एका कंपनीचा. छत्तीस हजार रुपये, दरमहा तीन हजारांचे बारा हप्ते. विक्रेता घरी येऊन गेला होता आणि 'तुमची पोरगी मागं पडंल' असे मुलीच्या देखत सांगून गेला होता. बापाच्या मनाला ते लागले होते. मृग बहाराचे पैसे संपलेले, आंबिया बहाराचे अजून झाडावर. तरी तो सही करायला तयार होता.

मी कागद नीट वाचला. वर्ग एका कंपनीचा आणि पैसे मात्र दुसऱ्याच वित्त कंपनीचे, म्हणजे सरळ सरळ कर्ज. शिवाय दर महिन्याला खात्यातून हप्ता परस्पर वळता करण्याची परवानगी त्याच सहीत होती. मुलीने उद्या शिकणे सोडले तरी हप्ता काही सुटणार नव्हता. आमच्या नोकरीतला पहिला धडा असा, की कर्ज द्यायच्या आधी विचारायचे, 'कशासाठी हवे, आणि त्यावाचून भागते का?' तोच प्रश्न मी शेजाऱ्याला विचारला. त्याच्याजवळ उत्तर नव्हते, आणि खरे सांगायचे तर माझ्याजवळही नव्हते. म्हणून म्हटले, "आठ दिवस थांब. पोरीला संध्याकाळी पाठव. विकतचे घ्यायच्या आधी फुकटचे काय आहे ते तर पाहू."

ती आली, सोबत घरातला एकुलता एक मोबाइल. पहिलाच प्रश्न तिने विचारला, "हे दाबलं त पैसे त नाई कटनार ना, काकाजी?" प्रश्न अगदी रास्त होता. आपण मोठी माणसेही तो विचारत नाही म्हणून फसतो.

सुरुवात तिच्या दप्तरापासूनच झाली. बालभारतीच्या पाठ्यपुस्तकात काळ्यापांढऱ्या ठिपक्यांचा एक चौकोन छापलेला असतो, तोच क्यूआर कोड. पुस्तक वर्षभर हाताळूनही तिने तो कधी वापरला नव्हता. 'दीक्षा' हे अ‍ॅप 2017 साली केंद्र सरकारने सुरू केले. त्यातून हा चौकोन टिपला की त्या पुस्तकाला जोडलेले शिक्षणसाहित्य उघडते, आणि बरेचसे उतरवून ठेवून नंतर इंटरनेटशिवायही पाहता येते. बगीच्यात रेंज नसते तिथे या सोयीचे मोल कळते. पुस्तक फाटले किंवा हरवले, तर बालभारतीच्या संकेतस्थळावरून ते अख्खे विनामूल्य उतरवता येते.

हा चौकोन पुस्तकात येण्याआधी तो प्रयोग सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले या शिक्षकाने करून पाहिला होता. 2020 साली त्यांना दहा लाख डॉलरचे जागतिक शिक्षक पारितोषिक मिळाले आणि त्यातली निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर नऊ जणांत वाटून दिली. ही गोष्ट ऐकून ती म्हणाली, "म्हणजे आपल्यासारख्याच शाळेतले?" मला वाटते, त्या संध्याकाळी तिच्या कामी आलेली सर्वांत मोठी गोष्ट हीच.

दुसऱ्या दिवशी आम्ही 'फेट' उघडले. कार्ल वीमन या नोबेल विजेत्या शास्त्रज्ञाने अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठात 2002 साली सुरू केलेला हा प्रकल्प. पडद्यावर तार, बल्ब, बॅटरी जोडा. जोडणी बरोबर असेल तर बल्ब लागतो. दोन गोळे जवळ आणा, त्यांच्यातले गुरुत्वाकर्षण किती वाढले ते आकड्यात दिसते. यातले कितीतरी प्रयोग मराठीत आहेत. अंतर निम्मे केले की बल चौपट होते, हे वाक्य तिला पाठ होते. त्या दिवशी तिने ते स्वतः करून पाहिले, दोनदा, तीनदा, आणि मग गप्प बसून राहिली.

शिक्षकांसाठीही भांडार मोठे आहे. टाकाऊ वस्तूंतून विज्ञानाची खेळणी करणारे अरविंद गुप्ता यांच्या संकेतस्थळावर शेकडो पुस्तके आणि चित्रफिती विनामूल्य आहेत. भूमितीसाठी 'जिओजेब्रा' आहे. लहान वर्गांना वाचून दाखवायला प्रथम बुक्सचे 'स्टोरीवीव्हर' आहे, त्यात मराठी गोष्टी भरपूर. महाविद्यालयात गेलेल्यांना 'स्वयम्'वर देशातल्या नामवंत संस्थांचे अभ्यासक्रम शिकता येतात. शिकायला पैसे नाहीत, परीक्षा देऊन प्रमाणपत्र हवे असेल तरच शुल्क. आणि भाषेसाठी? तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादनाखाली ज्याचा पहिला खंड 1976 साली निघाला, तो मराठी विश्वकोश आज मोबाइलवर वाचता येतो. मोल्सवर्थचा शब्दकोश 1831 चा. माझ्या तरुणपणी तो पाहायचा तर मोठ्या शहरातले ग्रंथालय गाठावे लागे. आता तो नरखेडच्या स्टेशनवर गाडीची वाट पाहत चाळता येतो.

तरी एक कबुली द्यायला हवी. तिसऱ्या दिवशी मला काम निघाले म्हणून मी तिला एकटीला बसवले. तासाभराने पाहतो तर ती कुठल्याशा नाचाच्या चित्रफिती पाहत होती. मी रागावलो नाही. तिच्या वयात माझ्या हाती हे यंत्र असते तर मीही तेच केले असते. फुकटचे भांडार उघडे असून भागत नाही, शेजारी माणूस बसावा लागतो, हे मला त्या दिवशी कळले.

खान अकादमीची गोष्ट अशीच आहे. 2004 साली बोस्टनमध्ये राहणारा सलमान खान हा तरुण दूर न्यू ऑर्लिन्सला असलेल्या आपल्या नात्यातल्या बहिणीला फोनवरून गणित शिकवू लागला. पुढे जगभरची मुले त्याच्या चित्रफितींवर शिकू लागली. पण सुरुवात एका बहिणीसाठी वेळ काढणाऱ्या एका भावापासून झाली.

म्हणून तिच्याकरता आम्ही तीन नियम केले. बसायच्या आधी आज काय शोधायचे ते वहीत लिहायचे. जे सापडले ते पाठ्यपुस्तकाशी ताडून पाहायचे, कारण प्रश्नांना झटपट उत्तरे देणारी नवी यंत्रे चुकीचे उत्तरही मोठ्या ठामपणे देतात. आमचा रोखपाल नोटा दोनदा मोजत असे तो काही उगाच नव्हे. आणि जिथे खाते क्रमांक, ओटीपी किंवा सही मागतील, तिथे मोबाइल खाली ठेवून घरच्यांना हाक मारायची.

आठ दिवसांनी शेजारी आला आणि तो कागद माझ्यापुढेच फाडून गेला. विकतचा वर्ग नेहमीच वाईट, असे मी म्हणणार नाही; काही मुलांना त्याची गरज असते. पण ती गरज आहे की भीती, हे सहीआधी कळले पाहिजे.

मुलगी अजून येते, आता धाकट्या भावाला घेऊन. परवा ती त्याला बल्ब लावायला शिकवत होती. मी नुसता बाजूला बसलो होतो. वाचकहो, तुमच्याही आळीत असे एखादे मूल असेल. रविवारचा एक तास त्याच्याशेजारी बसून पाहा. मोबाइल त्याच्या घरी बहुधा असेलच.