डिकीचे लिटर : गैरसमज आणि वस्तुस्थिती

काशीला गंगा ओलांडून पलीकडच्या तीरावर गेलं की रामनगर लागतं. अठराव्या शतकात राजा बलवंत सिंह यांनी चुनारच्या दगडात बांधलेला किल्ला आणि त्यातलं सरस्वती भवन संग्रहालय पाहायला मराठी यात्रेकरू हमखास जातात. तिथे पालख्या आहेत, अंबाऱ्या आहेत आणि राजघराण्याच्या जुन्या मोटारीही आहेत. दुसऱ्या महायुद्धाआधीच्या अनेक मोटारींना आजच्यासारखी बंद डिकी नसे. सामानाची पेटी मागच्या कठड्यावर ठेवून पट्ट्यांनी आवळत. किती सामान मावेल, हे गाडीकडे पाहूनच कळायचं.

आज ते माहितीपत्रकातल्या एका आकड्यावरून ठरवावं लागतं : २०९ लिटर, ३८२ लिटर, ५२१ लिटर. प्रयाग, काशी आणि गया अशी त्रिस्थळी यात्रा करणारी मराठी कुटुंबं सात आसनी गाडी ठरवतात. गयेचा रस्ता रामनगरच्या बाजूनेच बिहारमधल्या सासाराम, औरंगाबादकडे जातो. निघायच्या दिवशी बॅगा, साड्यांची खोकी, गंगाजलाचे कॅन आणि मावंद्यासाठी घेतलेले गडू गाडीपाशी जमतात, तेव्हा त्या आकड्याचा खरा अर्थ समोर येतो. म्हणून तो आधीच समजून घेतलेला बरा.

गैरसमज १ : डिकीत पाणी किंवा वाळू भरून लिटर मोजतात.

वस्तुस्थिती : लिटर हे माप ऐकून असं वाटणं स्वाभाविक आहे. पण जगभर सर्वाधिक रूढ असलेली पद्धत ठोकळ्यांची आहे. जर्मन वाहन उत्पादकांच्या ‘व्हीडीए’ या संघटनेच्या नावाने ती ओळखली जाते आणि आयएसओ ३८३२ हे आंतरराष्ट्रीय मानकही तशाच ठोकळ्यांवर आधारलेलं आहे. ठोकळा २० सेंटीमीटर लांब, १० सेंटीमीटर रुंद आणि ५ सेंटीमीटर जाड असतो. या तिन्हींचा गुणाकार १००० घन सेंटीमीटर, म्हणजे बरोबर एक लिटर. असे अख्खे ठोकळे डिकीत जितके रचता येतील, तितके लिटर. ठोकळा कापायचा नाही, वाकवायचा नाही. चाकावरच्या फुगवट्यामागे चार बोटांची फट उरली आणि तिथे ठोकळा गेला नाही, तर ती जागा हिशेबात येत नाही. आता हे काम बहुधा संगणकातल्या आराखड्यावर होतं, पण नियम तेच राहतात. पाण्याने मोजलं असतं तर प्रत्येक फट भरली असती आणि त्याच डिकीचा आकडा वाढला असता.

गैरसमज २ : सगळ्या कंपन्या एकाच पद्धतीने मोजतात.

वस्तुस्थिती : अमेरिकेत एसएई जे११०० हे मानक चालतं. सेडानची डिकी तिथे ठरावीक मापांच्या सूटकेसच्या संचाने आणि लहान खोक्यांनी भरून मोजतात. स्टेशन वॅगन आणि एसयूव्हीसाठी लांबी, रुंदी, उंचीचा हिशेब करतात. उत्तर घनफुटांत येतं आणि एक घनफूट म्हणजे सुमारे २८.३ लिटर. हा आकडा तिथे गाडीचा वर्ग ठरवण्यासाठीही वापरतात. प्रवाशांची आणि सामानाची जागा मिळून १०० ते १०९ घनफूट भरली तर गाडी ‘कॉम्पॅक्ट’, ११० ते ११९ भरली तर ‘मिडसाइझ’. अमेरिकी घनफुटांना २८.३ ने गुणून ते भारतातल्या लिटरच्या आकड्याशेजारी ठेवले, तर ती तुलना फसवी ठरते. एकक बदलता येतं, पण त्यामागची मोजण्याची रीत बदलत नाही.

गैरसमज ३ : एका गाडीच्या डिकीचा आकडा एकच असतो.

वस्तुस्थिती : कुठपर्यंत मोजलं आणि कोणती आसनं उभी होती, यावर सगळं अवलंबून असतं. हॅचबॅकमध्ये मागच्या झाकणपट्टीपर्यंत मोजता येतं, तसंच थेट छतापर्यंतही मोजता येतं. फळीखालचा कप्पा धरता येतो किंवा सोडता येतो. सात आसनी गाड्यांत हा फरक सर्वांत मोठा पडतो. मारुती एर्टिगाचे जाहीर आकडे पाहा : तिन्ही रांगा उभ्या असताना २०९ लिटर, तिसरी रांग पाडली की ५५० आणि दुसरीही पाडली की ८०३. रेनो ट्रायबरमध्ये तिसरी रांग बसवलेली असताना ८४ लिटर, काढून ठेवली की ६२५. यातला कुठलाही आकडा खोटा नाही. पण जाहिरातीत मोठ्या अक्षरांत मोठाच आकडा येतो आणि गाडी सातजणांची म्हणून विकली जाते. सातजण बसलेले असताना लागू होणारा आकडा लहानच असतो.

गैरसमज ४ : ४०० लिटरच्या डिकीत १०० लिटरच्या चार बॅगा बसतात.

वस्तुस्थिती : एक लिटरचा ठोकळा कोपऱ्याकोपऱ्यात शिरतो, बॅग शिरत नाही. ७५ सेंटीमीटर उंच, ५० रुंद आणि ३० जाड अशी मोठी सूटकेस ११२ लिटरची भरते. हिशेबाने ४०० लिटरमध्ये अशा तीन मावायला हव्यात. प्रत्यक्षात दोन मावतात की तीन, हे डिकीच्या तळाच्या रुंदीवर, चाकांच्या फुगवट्यांमधल्या अंतरावर आणि डिकीच्या तोंडावर ठरतं. अनेक सेडान गाड्यांत झाकणाच्या वाकड्या बिजागऱ्या झाकण लावताना आत उतरतात आणि वर ठेवलेल्या बॅगेवर टेकतात. शिवाय तोंड अरुंद असेल, तर आत जागा असूनही उंच बॅग आडवीच सरकवावी लागते.

आता त्रिस्थळीच्या गाडीचा हिशेब करू. विमानात सोबत नेण्याची ५५ × ३५ × २५ सेंटीमीटरची बॅग ४८ लिटरची होते. सातजणांची प्रत्येकी एक धरली तर ३३६ लिटर. एर्टिगात तिन्ही रांगा भरलेल्या असताना जागा आहे २०९ लिटर, म्हणजे कागदावरसुद्धा चारच बॅगा. उरलेल्या तीन बॅगा, कॅन आणि खोकी छतावरच्या कॅरिअरवर किंवा प्रवाशांच्या पायांत जाणार. म्हणून सामान मोठं असेल तर सात आसनी गाडी चार-पाचजणांसाठीच ठरवावी.

गैरसमज ५ : जाहीर आकडा त्या मॉडेलच्या सगळ्या प्रकारांना लागू असतो.

वस्तुस्थिती : सीएनजी असलेल्या गाडीत टाकी बहुधा डिकीतच असते. टाटाने २०२३ मध्ये अल्ट्रोझमध्ये एका मोठ्या टाकीऐवजी दोन लहान टाक्या फळीखाली बसवल्या, त्यामुळे वर सपाट जागा उरली. हा बदल खरोखर उपयोगाचा आहे. तरीही पेट्रोल अल्ट्रोझची डिकी ३४५ लिटर आणि सीएनजीची २१० लिटर. दोन्ही टाक्यांची मिळून क्षमता ६० लिटर, पण डिकीतून गेले १३५ लिटर. टाक्या गोल असतात, त्यांना धरून ठेवणारा सांगाडा लागतो, वर फळी लागते आणि त्यांच्या भोवतीची जागा सामानाच्या कामाची राहत नाही. भाड्याच्या गाड्यांत सीएनजीच्या गाड्या पुष्कळ असतात. त्यामुळे गाडी ठरवताना मॉडेलच्या नावाबरोबर इंधनही विचारून घ्या.

गैरसमज ६ : हा आकडा मायलेजसारखा चाचणी संस्थेने प्रमाणित केलेला असतो.

वस्तुस्थिती : मायलेजच्या आकड्यासोबत तो चाचणी संस्थेने प्रमाणित केल्याचं लिहिलेलं असतं, पुण्याची एआरएआय ही त्यातली आपल्या ओळखीची संस्था. डिकीच्या लिटरपाशी असा उल्लेख आढळत नाही. तो कंपनीने स्वतः जाहीर केलेला असतो आणि कोणत्या पद्धतीने, कुठपर्यंत मोजला, हेही माहितीपत्रकात बहुतेक वेळा नसतं. त्यामुळे कंपन्या खोटं बोलतात असं म्हणता येत नाही, पण ग्राहकाला पडताळणीचं साधन मिळत नाही, हे मात्र खरं.

गैरसमज ७ : नवी आवृत्ती म्हणजे डिकी मोठी.

वस्तुस्थिती : डिझायरचा इतिहास वेगळंच सांगतो. २००८ च्या पहिल्या डिझायरची डिकी ४४० लिटरची होती. २०१२ च्या आवृत्तीत ती ३१६ झाली, २०१७ मध्ये ३७८ आणि २०२४ मध्ये ३८२. २०१२ ची घट करामुळे झाली. २००६ च्या अर्थसंकल्पात ४ मीटरपेक्षा कमी लांबीच्या, लहान इंजिनाच्या गाड्यांवरचं उत्पादन शुल्क २४ वरून १६ टक्क्यांवर आणलं गेलं. टाटांनी २००८ मध्ये इंडिगो सीएस ही आखूड सेडान याच सवलतीच्या मर्यादेत बसवली. मारुतीनेही डिझायर ३९९५ मिलिमीटरवर आणली आणि कात्री मागच्या बाजूला लागली. जीएसटी आला तरी ४ मीटरची रेघ कायम आहे. भारतातल्या सेडानची डिकी किती मोठी, हे अभियंत्याइतकंच अर्थखातंही ठरवत आलं आहे.

गैरसमज ८ : जितकी जागा, तितकं सामान भरायला हरकत नाही.

वस्तुस्थिती : लिटर म्हणजे जागा, वजन नव्हे. गंगाजलाचा पाच लिटरचा कॅन जागा थोडी घेतो, वजन मात्र पाच किलो. पितळी भांड्यांचं खोकं त्याहून जड. गाडीचं कमाल वजन किती असावं, याची मर्यादा ठरलेली असते आणि प्रवासीही त्यातच मोजायचे असतात. सातजण बसल्यावर सामानासाठी उरणारं वजन फार नसतं. भार वाढला की ब्रेक लावल्यावर गाडी उशिरा थांबते आणि टायर तापतात. छतावर जड सामान ठेवलं तर वळणावर गाडी कलंडण्याचा धोका वाढतो. जड वस्तू डिकीत तळाशी, आसनाला टेकवून ठेवाव्यात, हलक्या वर.

मग लिटरच्या आकड्याचं करायचं काय? एकाच पद्धतीने मोजलेल्या दोन गाड्यांची तुलना करायला तो उत्तम आहे. त्यापलीकडे तीन प्रश्न विचारावेत : कुठपर्यंत मोजलं, किती आसनं उभी होती आणि आपण घेतोय त्या इंधनाच्या गाडीचा आकडा कोणता? गाडी विकत घ्यायला जाताना घरातली सर्वांत मोठी बॅग सोबत न्या आणि शोरूममध्येच डिकीत ठेवून, झाकण लावून पाहा. लाखो रुपये मोजणाऱ्या माणसाने एवढं पाहून घेण्यात संकोच कसला? आणि कंपन्यांनी प्रत्येक आकड्याशेजारी मोजण्याची पद्धत आणि आसनांची स्थिती छापावी. माहितीपत्रकात त्यासाठी एक ओळ लागते, आणि ग्राहकाचा तेवढा हक्क नक्कीच आहे.