तणमोराचे प्रणयनृत्य

तणमोर (शास्त्रीय नाव: सायफिओटायडिस इंडिकस) हा माळढोक कुळातील, भारतीय उपखंडात आढळणारा पक्षी आहे. उपखंडातील माळढोकवर्गीय पक्ष्यांमध्ये तो आकाराने सर्वांत लहान असतो. विणीच्या हंगामात, म्हणजे साधारणतः जुलै ते सप्टेंबर या काळात, नर गवताळ रानातील ठरावीक जागेवरून वारंवार उंच उड्या मारतो. या उड्यांना तणमोराचे प्रणयनृत्य म्हणतात. एरवी गवतात दडून राहणारा हा पक्षी याच काळात नजरेस पडतो. त्यामुळे त्याची शिकार, गणना आणि निरीक्षण या तिन्ही गोष्टी या नृत्याशी जोडल्या गेल्या आहेत.

स्वरूप

पावसाळ्यात नराचे डोके, मान व पोट काळेभोर होते आणि पंखांवर पांढरा पट्टा उठून दिसतो. डोक्याच्या मागील बाजूस दोन्हीकडे वर वळलेली लांब पिसे येतात. ती टोकाशी चमच्याप्रमाणे रुंद असतात. मादी पिवळसर तपकिरी रंगाची असून नरापेक्षा आकाराने मोठी व वजनदार असते.

नर आपल्या क्षेत्रातील एखादी मोकळी किंवा किंचित उंच जागा निवडतो. तेथून तो पंख फडफडवीत सरळ वर झेपावतो, सुमारे दीड ते दोन मीटर उंची गाठतो आणि पुन्हा गवतात उतरतो. उडीच्या वेळी बेडकाच्या डरावण्यासारखा खरखरीत आवाज होतो. गवत उंच असल्याने जमिनीवर उभा असलेला नर दूरवरच्या मादीला दिसू शकत नाही. गवताच्या वर क्षणभर झळकणे हाच तिचे लक्ष वेधण्याचा मार्ग असतो. पहाटे व सायंकाळी उड्यांचे प्रमाण अधिक असते. आकाश ढगाळ असल्यास त्या दिवसभरही चालतात. एक नर दिवसभरात काही शे उड्या मारू शकतो. मीलनानंतर अंडी उबवणे व पिलांचे संगोपन ही कामे मादी एकटीच करते.

इतर पक्ष्यांशी तुलना

उत्तर अमेरिका व युरोपातील ग्राउज गटातील काही पक्ष्यांचे नर वसंत ऋतूत पहाटे एका मोकळ्या मैदानावर जमून, एकमेकांच्या जवळ राहून प्रणयप्रदर्शन करतात. अशा जागेस ‘लेक’ म्हणतात. सेज ग्राउजचा नर छातीवरील हवेच्या पिशव्या फुगवून आवाज काढतो. ग्राउज हे कोंबडीच्या कुळातील पक्षी असून महाराष्ट्रात आढळत नाहीत. तणमोराचे नर एका मैदानावर दाटीने जमत नाहीत. ते परस्परांपासून अंतर राखून, आपापल्या क्षेत्रात नाचतात. म्हणून या पद्धतीस ‘विखुरलेला लेक’ असे म्हटले जाते.

शिकार आणि गणना

उडीमुळे नराची जागा उघड होते, याचा फायदा ब्रिटिश काळातील शिकाऱ्यांनी घेतला. ऐन विणीच्या दिवसांत नर मोठ्या संख्येने मारले गेले. आज वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीनुसार तणमोराच्या शिकारीस बंदी आहे.

गणनेचा आधारही हीच उडी आहे. मादी सहसा दृष्टीस पडत नसल्याने सर्वेक्षणात प्रामुख्याने नाचणारे नर मोजले जातात व त्यांवरून एकूण संख्येचा अंदाज बांधला जातो. १९८२ मध्ये ही संख्या ४,३७४ असल्याचा अंदाज होता. दुष्काळी वर्षांनंतर १९८९ मध्ये ती १,६७२ पर्यंत घसरली. पावसाने ओढ दिल्यास गवत वाढत नाही आणि त्या वर्षीची वीण धोक्यात येते. २०२१ पासून आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या लाल यादीत हा पक्षी ‘अतिसंकटग्रस्त’ गटात आहे.

महाराष्ट्रातील स्थिती

विदर्भात तणमोराची नोंद प्रामुख्याने अकोला व वाशीम जिल्ह्यांतील माळराने आणि लगतच्या शेतांमधून होते. नागपूर, कळमेश्वर परिसरातील पक्षिनिरीक्षकांना हीच क्षेत्रे त्यामानाने जवळची आहेत. अकोला-वाशीम भागात परंपरेने शिकारीवर उपजीविका करणाऱ्या फासेपारधी समाजातील लोक आता या पक्ष्याच्या नोंदी ठेवण्यात व गवताळ रान राखण्यात सहभागी झाले आहेत.

माळरानाची गणना अनेकदा ‘पडीक’ जमिनीत होते. त्यामुळे त्याची नांगरट होते किंवा त्यावर झाडे लावली जातात. दाट वृक्षारोपणही तणमोरास हानिकारक ठरते, कारण त्याला उघडे गवताळ रानच लागते. अतिचराई, विणीच्या काळातील गवतकापणी, कीटकनाशके व भटकी कुत्री हे अन्य धोके होत.

निरीक्षणातील पथ्ये

गटाने तणमोर पाहावयास जाताना नराच्या क्षेत्रात प्रवेश करू नये. रस्त्यावरून किंवा बांधावरून, शक्यतो वाहनातच बसून, दुर्बिणीने निरीक्षण करावे. गवतात चालल्यास नजरेस न पडणारे घरटे तुडवले जाण्याची शक्यता असते. छायाचित्रासाठी नराचा पाठलाग केल्यास तो नृत्य थांबवतो, आणि हंगाम अल्प असल्याने गमावलेला प्रत्येक दिवस महत्त्वाचा ठरतो. ध्वनिमुद्रित आवाज वाजवू नये. नृत्याची नेमकी जागा समाजमाध्यमांवर जाहीर न करता ती वन विभागास कळवावी.