आधी पाणी, मग आडनाव

मोटारीतला माणूस गावातून जातो, सायकलवरचा माणूस गावात थांबतो. टायर फुटतो, चेन तुटते, ऊन डोक्यावर येते आणि बाटलीतले पाणी संपते. मग समोर जे दार दिसेल ते वाजवावे लागते. त्यात प्रवासी एकटा असेल तर अनोळखी माणसाच्या भलेपणाशिवाय त्याच्या गाठीला काहीच नसते. म्हणूनच एखादा समाज कसा आहे हे पाहायचे असेल, तर त्याच्या रस्त्यावरून एकट्या सायकलस्वाराला पाठवून पाहावे.

महाराष्ट्राची लेक वेदांगी कुलकर्णी २०१८ साली, वयाच्या विसाव्या वर्षी, सायकलवर जगाला फेरी मारून आली. १४ देश, सुमारे २९ हजार किलोमीटर आणि १५९ दिवस! कॅनडात अस्वल मागे लागले, स्पेनमध्ये चाकूच्या धाकाने लुटले गेले, रशियात बर्फात एकटीने मुक्काम करावा लागला. तरी ती थांबली नाही. तिच्या जिद्दीला आमचा सलाम!

पण आमच्या वाचकांना आणखी एक सायकलस्वार माहीत असायला हवा. ओडिशातल्या अस्पृश्य विणकर जातीत जन्मलेले चित्रकार प्रद्युम्नकुमार महानंदिया. शाळेत त्यांना इतर मुलांपासून वेगळे बसवले जाई. पुढे दिल्लीत चित्रकला शिकत असताना एका स्वीडिश तरुणीशी त्यांची ओळख झाली, मने जुळली. विमानाच्या तिकिटाला पैसे नव्हते. तेव्हा होते नव्हते ते विकून त्यांनी एक जुनी सायकल घेतली आणि २२ जानेवारी १९७७ रोजी दिल्ली सोडली. अफगाणिस्तान, इराण, तुर्कस्तान असा रस्ता. सायकल अनेकदा मोडली, कित्येक दिवस उपाशी काढावे लागले. ते लोकांची चित्रे काढून देत. कोणी पैसे देई, कोणी भाकरतुकडा, कोणी रात्रीपुरते छप्पर. मे महिन्याच्या अखेरीस ते युरोपात पोहोचले. ज्याला स्वतःच्या गावच्या शाळेत बरोबरीने बसता आले नाही, त्याला परमुलखातल्या अनोळखी माणसांनी घरात घेतले. का? कारण चित्र काढून घेणाऱ्याला त्याची जात ठाऊक नव्हती आणि ती विचारण्याची त्याला गरजही वाटली नाही.

आता आपल्याकडचा रस्ता पाहा. १९०१ च्या सुमारास लहानगे भीमराव भावंडांसह वडिलांना भेटायला निघाले. मसूर स्टेशनावर जात कळताच स्टेशनमास्तरचा चेहरा बदलला. दुप्पट भाड्यावर गाडी मिळाली, तीही मुलांनी स्वतः हाकायची या अटीवर. बरोबर शिदोरी होती, पण पाण्यावाचून रात्र उपाशी गेली. पुढे १९३४ मध्ये बाबासाहेब सहकाऱ्यांसह दौलताबादला गेले, तेव्हा किल्ल्यापाशी तळ्याच्या पाण्याने हातपाय धुतले म्हणून दंगा झाला. परदेशात शिकून आलेला बॅरिस्टर असला, तरी तळ्याकाठी त्याची जातच पाहिली गेली.

दौलताबाद तेव्हा निजामाच्या राज्यात होते आणि आमचा परभणी जिल्हाही. जिंतूर तालुक्यातले चारठाणा जुन्या दगडी मंदिरांसाठी आणि बारवेसाठी ओळखले जाते. पर्यटक येतात, नक्षी पाहून थक्क होतात. आम्ही बारव पाहतो तेव्हा आधी प्रश्न पडतो, या पायऱ्या उतरण्याची मुभा कोणाला होती?

विद्यार्थीदशेत चळवळीच्या कामासाठी आम्ही याच रस्त्याने सायकलवर एकटेच हिंडलो. एकदा भर उन्हात पंक्चर झाले. एका हॉटेलवाल्याने पाण्याचा जग उचलला आणि विचारले, "आडनाव काय?" उत्तर ऐकताच जग खाली ठेवून त्याने ओट्याच्या कोपऱ्यातल्या वेगळ्या पेल्याकडे बोट दाखवले. आम्ही तसेच पुढे निघालो. कोसभर सायकल ढकलल्यावर शेतातल्या एका म्हातारीने हाक मारली, तांब्या हातात दिला आणि पिऊन झाल्यावर म्हणाली, "कुण्या गावचा रं लेकरा?" पुढच्या वस्तीवर पंक्चरवाल्या चाचांनी ट्यूब जोडून दिली, पैसे घेतले नाहीत आणि नावही विचारले नाही. भारत कळायला आम्हाला तो एक दिवस पुरला.

आज संविधानाच्या कलम १९ ने देशभर संचाराचे स्वातंत्र्य दिले आहे. कलम १५ ने दुकाने, उपाहारगृहे, विहिरी, तलाव आणि रस्ते सर्वांना खुले केले. कलम १७ ने अस्पृश्यता नष्ट केली आणि १९५५ च्या कायद्याने तिचे पालन हा गुन्हा ठरवला. वेगळा पेला ठेवणाऱ्याला कोर्टात खेचता येते आणि खेचलेच पाहिजे. मात्र त्या म्हातारीसारखी हाक मारायला कोणताही कायदा कोणाला भाग पाडू शकत नाही. ती मैत्री आणि करुणा माणसाच्या मनातूनच यावी लागते. तथागतांचा धम्म बाबासाहेबांनी आपल्या हाती दिला, तो यासाठीही.

तेव्हा बांधवांनो, दुसऱ्यांना जाब विचारताना आपले दारही तपासू या. गावोगावच्या बुद्धविहारांत भरलेला माठ, हवा भरायचा पंप आणि पंक्चरचे सामान ठेवायला असा किती खर्च येतो? नागपूरला निघालेला आपला भीमसैनिक असो, पंढरीचा वारकरी असो की कुठला परदेशी सायकलस्वार, त्याला आधी पाणी द्या. आडनाव विचारूच नका. ज्यांना पाणी नाकारले गेले, त्यांच्या दारातून कोणीही तहानलेला जाता कामा नये.