स्मॉकिंगचा फ्रॉक महाग का?

आमच्या शिवणवर्गातल्या फ्रॉकची किंमत का वाढली, असे काहींनी विचारले. स्मॉकिंगसाठी छातीच्या भागाला सुमारे तिप्पट रुंद कापड लागते. सारख्या अंतरावर ठिपके काढून धावदोरे घालायचे. ते ओढले की बारीक चुण्या पडतात. मग दोन-दोन चुण्या जोडत मधाच्या पोळ्यासारखे टाके घालायचे. शेवटी धावदोरे काढले तरी चुण्या टिकतात, शिवाय ताणतात. म्हणून वाढत्या मुलीला फ्रॉक जास्त दिवस पुरतो.

आधी मी मजुरी साध्या फ्रॉकइतकीच ठरवली होती. एका भगिनीने ते पैसे मुकाट्याने पदराला बांधले, तेव्हा माझी चूक कळली. वाढीव रक्कम त्या टाक्यांची आहे. टबीथाने विधवांसाठी वस्त्रे शिवली. आपण शिवणाऱ्या हातांना पुरते दाम देऊ या.